पाठीखालची चाकं

गाडीखाली शिरायला गावात आजही सगळ्यात जास्त चालते ती युरियाची रिकामी गोणी. तिच्या खालोखाल फ्लेक्स. निवडणूक होऊन गेली की फ्लेक्सला तोटा नसतो. पडलेल्या उमेदवाराच्या हसऱ्या चेहऱ्यावर पाठ टेकून सायलेन्सरचा नट सोडवता येतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. फ्लेक्स गुळगुळीत असतो, पाठ सरकते, ऑइल सांडलं तर पुसून निघतं, फाटला तर दुसरा आहेच. वर्षातून दोनदा ऑइल बदलणं एवढंच काम घरी होत असेल तर फ्लेक्सवर भागवा; क्रीपर, म्हणजे उताणं पडून गाडीखाली सरकायची चाकांची फळी, घेऊच नका.

क्रीपर लागतो तो आत जायला नव्हे, बाहेर यायला. ऑइलचा ड्रेन नट सोडवायला माणूस एकदा आत जातो आणि एकदा बाहेर येतो. पण प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बदलायचा असला की आत दहा-अकराचा पाना नेलेला असतो आणि नट निघतो बारा-तेराचा. मग बाहेर. मग हातोडी हवी, मग पक्कड, मग टॉर्चचा सेल गेला. एका कामात पंधरा-वीस खेपा सहज होतात. प्रत्येक खेपेला मान अधांतरी धरून, कोपरं जमिनीला रेटून सरकावं लागतं. संध्याकाळी कमरेआधी दुखतात मान आणि पोटाचे स्नायू. ही ओढाताण चाकं वाचवतात, फळी नाही.

दुकानात मात्र सगळ्यांचं लक्ष फळीवर असतं. रेक्झिन कसं आहे, गादी किती जाड, डोक्याखालची उशी वरखाली होते का. फळी मोडली म्हणून क्रीपर भंगारात गेला असं क्वचितच घडतं. चाक अडलं, चाकाची खुंटी वाकली, चाकाजवळचं वेल्डिंग सुटलं, यानेच तो जातो. खरं तर हे गावात कुणाला शिकवायची गरज पडू नये. बंडीचं चाक छातीला लागेल एवढं मोठं का असतं ते वावरात बंडी हाकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं: ढेकळावर चढायचं तर चाक मोठं हवं. तोच माणूस क्रीपर घेताना दोन इंची चाकावर समाधान मानतो.

हिशेब करून बघू. क्रीपर आणि माणूस मिळून १०० किलो धरा, म्हणजे एका चाकावर साधारण २५ किलो. फरशीचा सांधा किंवा कोब्यातली भेग ५ मिमी उंच-सखल आहे. ती कड चढायला ५० मिमी व्यासाच्या चाकाला जवळपास १९ किलोचा आडवा रेटा लागतो. ७५ मिमीच्या चाकाला तोच रेटा १४ किलोवर येतो आणि १२५ मिमीच्या चाकाला साडेदहावर. उताणं पडून, पाय अर्धे बाहेर ठेवून, टाचेने रेटा द्यायचा असतो. तिथे १९ आणि साडेदहा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोन इंची चाक ५ मिमीच्या कडेला आलं की चढत नाही, तिथेच रुतून क्रीपर तिरका फिरतो आणि माणसाचं डोकं चेसीच्या दिशेने जातं.

म्हणून खरेदीची सुरुवात दुकानात करू नका, घरच्या जमिनीपासून करा. विदर्भात घर असो की कोठा, खाली बहुतेक ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर थेट टाकलेला कोबा दोन-तीन उन्हाळ्यांत तडकतोच, सिमेंट कितीही चांगलं असलं तरी, कारण दोष कोब्याचा नसून खालच्या मातीचा असतो. गाडीची जागा नव्याने करणार असाल तर निदान दीड फूट काळी माती उकरून काढा. तिच्या जागी मुरूम भरा, सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुम्मस करा, आणि मग वर चार इंचांचं काँक्रीट. सगळी जागा करायची ऐपत नसेल तर गाडीच्या पुढच्या अर्ध्या भागाखाली आठ बाय सहा फुटांचा तुकडा तेवढा करा. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, पुढचे ब्रेक असं बहुतेक काम तिथेच असतं.

शहाबादी फरशी असेल तर सांधे बघा. फरशी सपाट असते, घात सांधे करतात. त्यातली मळी आणि सुटलेला माल खरवडून काढा आणि सिमेंट दाबून फरशीच्या पातळीला आणा. एका दिवसाचं काम आहे, पण क्रीपरचं आयुष्य त्याने जितकं वाढतं तितकं महागड्या चाकांनीही वाढत नाही. शेणाने सारवलेल्या किंवा नुसत्या मुरमाच्या जमिनीवर कुठलाच क्रीपर चालत नाही. तिथे १२ मिमी जाडीचं आठ बाय चारचं प्लायवुड अंथरायचं आणि त्यावर क्रीपर चालवायचा. ३ मिमीचा लोखंडी पत्रा जास्त टिकेल, पण तेवढ्याच आकाराचा पत्रा सत्तर किलोच्या घरात जातो. रोज उचलून ठेवायचा झाला तर त्यापेक्षा गोणी बरी.

जमीन ठरली की चाकाचा माल ठरतो. रबराचं चाक आवाज करत नाही, पण साधं रबर डिझेल-ऑइल पितं, फुगतं, मऊ पडतं आणि त्याचे लचके निघतात. नायलॉनला ऑइलचं काही होत नाही आणि ते वर्षानुवर्षं चालतं. मात्र ते कडक असतं, खडखडतं, आणि प्रत्येक खडा पाठीला जाणवतो. दोघांच्या मधलं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. ऑइलला पुरून उरतं, फरशीवर ओरखडे पाडत नाही आणि भार चांगला घेतं. त्याचं दुखणं वेगळं आहे: हलक्या प्रतीचं पीयू दमट हवेत नुसतं पडून राहिलं तरी चुरायला लागतं. पावसाळाभर ओलीत ठेवलेल्या क्रीपरची चाकं दसऱ्याला खारी बिस्किटासारखी सुटताना दिसली तर हेच कारण. मऊ पीयूत लोखंडाचा कीसही रुतून बसतो. ग्राइंडरचं काम तिथेच होत असेल तर कडक चाक घ्या. गुळगुळीत शहाबादी किंवा कोटा फरशी असेल तर पीयू, खरबरीत कोबा असेल तर मोठं नायलॉन, एवढं धरून चाला. बिडाचं चाक फुकट मिळालं तरी नको. ते फरशीच्या कडा फोडतं.

आता आपल्याकडचा खास त्रास: कापूस. ज्या घरात वेचणीनंतर कापूस साठवला जातो, तिथे जमिनीवर धागा, सुतळी आणि पऱ्हाटीची साल पडलेली असतेच. ती चाकाच्या आसावर गुंडाळली जाते आणि चाक आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणारा काटा यांच्या फटीत दाबून बसते. त्यात काळी धूळ आणि ऑइल मिसळलं की नमदा तयार होतो. चाक फिरायचं थांबतं आणि घसटायला लागतं. घसटलं की एका जागी झिजून चपटं होतं, आणि चपटं झालेलं चाक पुन्हा कधी नीट फिरत नाही. चाकं विकणाऱ्यांकडे थ्रेड गार्ड लावलेली चाकं मिळतात. ही आसाच्या दोन्ही बाजूंना बसणारी गोल झाकणं असतात आणि मुळात सूतगिरण्यांमधल्या ढकलगाड्यांसाठी ती वापरली जातात. कापसाच्या मुलखात क्रीपरला तीच लावावीत. नसतील तर महिन्यातून एकदा क्रीपर उलटा टाका आणि जुन्या हॅक्सॉ ब्लेडला टोकाशी आकडा घासून त्याने धागे ओढून काढा. गळ्यातला दुपट्टाही त्याच फटीत जातो. आत शिरण्याआधी तो काढून खुंटीला टांगलेला बरा.

वंगणाबाबत एक सवय मोडायला हवी. बंडीच्या आसाला सढळ हाताने वंगण लावायची रीत क्रीपरच्या चाकाला लावू नका. जमिनीपासून इंचभर उंचीवर असलेलं ग्रीस धूळ धरतं आणि त्याची कानस होते. चाक जिथे आडवं फिरतं त्या गोळ्यांच्या घरात वाटाण्याएवढं लिथियम ग्रीस, तेही जुनं डिझेलने धुऊन कोरडं केल्यावर, तीन-चार महिन्यांतून एकदा. बाहेर आलेलं पुसून टाकायचं.

चाक जोडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकात चाकाच्या डोक्यावर आटे असलेली खुंटी असते. ती फ्रेमच्या पाइपला भोक पाडून आरपार घालतात आणि वर नट मारतात. दुसरीत डोक्यावर चौकोनी प्लेट असते आणि ती चार बोल्टांनी बसते. स्वस्त क्रीपरला बहुधा खुंटी असते आणि पहिली मोडते ती तीच. आडवा झटका बसला की सगळा ताण त्या एका भोकाच्या कडेवर येतो. पाइप मिलिमीटरभर जाडीचा असला की भोक लांबट होतं, चाक डुगडुगतं, आणि नट आवळत गेलो तर पाइपच चेपतो. प्लेटवाल्या चाकात तोच ताण चार ठिकाणी वाटला जातो. खुंटीवालं घेतलंच असेल तर पाइपच्या आत बोल्टभोवती नळीचा तुकडा बसवून घ्या म्हणजे पाइप चेपणार नाही, आणि साध्या नटाच्या जागी नायलॉनचं कडं असलेला नट लावा.

खोक्यावरच्या किलोंवर जाऊ नका. ऊबडखाबड जमिनीवर चारपैकी तीनच चाकं टेकलेली असतात, म्हणून हिशेब तिनाचा करावा. माणूस ९०, क्रीपर १२, हातातली हत्यारं आणि छातीवर घेतलेला स्टार्टर मिळून ८ असे ११० किलो झाले, तर एकेका चाकाची ताकद निदान ४० किलोची हवी. झटक्यांसाठी दुप्पट धरली तर उत्तम. सहा चाकांचा क्रीपर या हिशेबाने मजबूत वाटतो, पण खडबडीत जमिनीवर मधली दोन चाकं कधी अधांतरी असतात तर कधी सगळा भार त्यांच्यावरच येऊन क्रीपर झोपाळ्यासारखा हलतो. सपाट फरशीवर सहा ठीक; बाकी चार मोठी चाकंच चांगली.

मोठ्या चाकाला एकच हरकत आहे, उंची. साध्या क्रीपरची फळी चाकांच्या वर असते, जमिनीपासून दहा सेंटिमीटरच्या आसपास. उताण्या माणसाची छाती २३ ते २५ सेंटिमीटर. वर पाना फिरवायला निदान १५ हवेत. म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून अर्धा मीटर वर हवं, आणि बोलेरोचा ग्राउंड क्लिअरन्स १८ सेंटिमीटरच्या आसपास आहे, अल्टोचा १६च्या. गाडी उचलावी तर लागणारच, पण फळी सहा सेंटिमीटर खाली आली तर उचललेली गाडी ज्यावर टेकवतात तो स्टँडही तेवढाच कमी चढवावा लागतो, आणि कमी चढवलेला स्टँड जास्त स्थिर. म्हणून चाकं फळीच्या बाहेर आणि फळी चाकांच्या मध्ये लोंबती, असा घाट सगळ्यात शहाणा. बाजारात तो मिळतो, पण महाग. तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेणं मला जास्त पटतं.

त्याला सांगायचं ते असं. २५ बाय २५ बाय ३ मिमीच्या अँगलची चौकट, लांबी १०५० मिमी, रुंदी ४६० मिमी. अँगलच्या आतल्या कडेवर १८ मिमीचं वॉटरप्रूफ प्लाय बसवायचं, खालून स्क्रू मारून, म्हणजे स्क्रूची डोकी पाठीला लागणार नाहीत. चारही कोपऱ्यांजवळ ५० बाय ६ मिमीच्या पट्टीचा झेडच्या आकारात वाकवलेला तुकडा: फळीपासून आधी बाहेर, मग वर, मग पुन्हा बाहेर. त्या वरच्या भागाखाली ७५ मिमीची प्लेटवाली, बेअरिंगची चाकं. फळीचा तळ जमिनीपासून २५ मिमीवर राहील इतकाच वरचा चढ ठेवा. चाकाची पूर्ण उंची मोजून मगच पट्टी वाकवायला सांगा, कारण ७५ मिमीच्या चाकाची प्लेटसकट उंची १०० च्या आसपास असली तरी प्रत्येक कंपनीची थोडी वेगळी असते. चाकाच्या प्लेटचं केंद्र चौकटीपासून निदान ८५ मिमी लांब हवं. इथे हमखास चूक होते. चाक सरळ ठेवून मोजतात, आणि ते उलटं फिरलं की चौकटीला घासतं. झेडच्या कोनात बोटभर लांबीचा तिकोनी पत्रा टाकून घ्या; त्याशिवाय सहाची पट्टीही वाकते. वेल्डिंग टाके मारून सोडायचं नाही, पूर्ण भरायचं. खांद्यांच्या जागी प्लायला दोन्ही बाजूंनी अर्धगोल कापा म्हणजे हात मोकळे फिरतात. वजन बारा-तेरा किलो होतं, आणि चाकं पूर्ण फिरून जेवढी जागा घेतात ती अडीच फुटांच्या आसपास. स्टँड लावताना ही रुंदी लक्षात असू द्या.

प्लायऐवजी घरात पडलेली सागाची जुनी फळी वापरायचा मोह होईल. वापरा, चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाला तोड नाही. फक्त दोन-तीन फळ्या जोडल्या असतील तर सांध्यात कातडी चिमटते. वरून काही अंथरा.

अंथरायचं काय, हा आपल्याकडे उन्हाळ्याचा प्रश्न आहे. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, वर टिनाचं छप्पर. रेक्झिनला पाठ चिकटते, घामाने घसरायला होतं, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत ते तडकून आतला फोम ऑइल प्यायला लागतो. ऑइल प्यालेली गादी म्हणजे पेटायला तयार बोळा. जवळ वेल्डिंग होत असेल तर तिला तिथे ठेवूच नये. शिवाय उंदरांना घरट्यासाठी फोम फार आवडतो. बाजेसारखी नवार विणून बघायची कल्पना गोड आहे, वाराही लागतो, पण नवार दोन इंच झोळ देते आणि लोंबत्या फळीने मिळवलेली सगळी उंची घालवते. योगाला वापरतात तसली पातळ ईव्हीएची, म्हणजे बंद छिद्रांच्या फोमची, चटई कापून टाकावी. ती ऑइल पीत नाही, धुता येते, आणि फाटली तर बदलायला खर्च जवळजवळ नाही. एकसंध प्लास्टिकचे क्रीपर हलके आणि धुवायला सोपे असतात, पण उन्हात पडून ठिसूळ होतात आणि चाकाच्या खोबणीपाशी तडकतात. सावलीत ठेवायची शिस्त घरात असेल तरच घ्या. घडी घातली की स्टूल होणारे क्रीपर मला पटत नाहीत. बिजागरीचा प्रत्येक पिन झिजतो आणि बोट चिमटायला जागा होते.

तयार घ्यायचाच असेल तर दुकानात तो उलटा करायला सांगा. खालची बाजू फोटोत दिसत नाही. वेल्डिंग भरलेलं आहे की टाक्यांचं, चाक बोल्टने बसलंय की रिबिटने, ते बघा. रिबिट असेल तर चाक बदलता येणार नाही, सोडून द्या. सपाट काउंटरवर ठेवून तिरप्या कोपऱ्यांवर आळीपाळीने दाबा. खडखडला तर चौकट पिळलेली आहे. मग त्यावर झोपा. दुकानदार हसेल, हसू द्या.

एक गोष्ट क्रीपरवर पहिल्यांदा झोपणाऱ्याला चकवते. जाम झालेल्या नटाला जोर लावला की नट फिरत नाही, माणूसच चाकांवरून सरकतो. ब्रेकवाली दोन चाकं टाचांकडे असतील तर थोडा आधार मिळतो, पण खरा जोर लावायचा तेव्हा क्रीपरवरून उतरून गोणीवर पडावं. पाय टायरला लावून जोर काढायचा नाही, आणि तेवढ्या जोराने हलणारी गाडी स्टँडवर आहे हे विसरायचं नाही. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. जॅकचं सील सुटलं की गाडी खाली यायला क्षण लागतो, आणि क्रीपरवरच्या माणसाला उठता येत नाही. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक लावू नका. ते आधी काही कुरकुर न करता एकदम फुटतात. मातीवर स्टँड लावायचा झाला तर त्याच्या पायाखाली फूटभर चौकोनी जाड लाकूड ठेवा, नाहीतर पाय रुततो आणि स्टँड कलतो. जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून गुटके, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मग गाडीला बाजूने दोन-तीनदा दणदणीत हलवून बघा, आणि त्यानंतरच खाली जा. ट्रॅक्टरखाली मुळातच जागा असते. तिथे बहुतेक कामाला क्रीपर लागत नाही, चटई पुरते.

काम संपलं की क्रीपर जमिनीवर सोडू नका. पायाखाली आला तर माणूस उताणा पडतो, आणि भिंतीला टेकवला तर त्याच्या मागच्या गारव्यात पावसाळ्यात विंचू बसतो. दोन आकडे ठोकून कमरेच्या उंचीवर उभा टांगा, चाकं भिंतीपासून सुटी. घेण्याआधी त्याला एकदा ठोकून झटकायचं. आणि चार चाकं घेतलीत त्याच दिवशी त्याच दुकानातून पाचवं घेऊन ठेवा. वर्षभराने गेलात तर व्यास तोच मिळतो, प्लेटची भोकं मात्र जुळत नाहीत.